पाळवणकर बाळू

पाळवणकर बाळू हे फार मोठे क्रिकेट खेळाडू होऊन गेले. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. ते चर्मकार समाजाचे होते.

तरुणपणी ते पुण्याच्या एका क्लबात महिना ४ रुपयांवर नोकरी करत. मैदानावर रूळ फिरवायचा, जाळी लावायची. साहेबांना बॉल टाकता टाकता ते डाव्या हाताचे पट्टीचे बॉलर झाले.

मग पुण्याच्या हिंदू टीमने त्यांना घेतलं. मैदानावर त्यांचा बॉल सगळे हातात घेत. पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. जेवायलाही वेगळं बसवत. बॉलचा विटाळ नाही अन् कपाचा विटाळ, असं कसं?

१९११ साली भारताची टीम इंग्लंडला गेली. तिथे बाळूंनी ११४ विकेट घेतल्या. तरी हिंदू टीमने त्यांना कप्तान केलं नाही. पुढे १९२३ साली त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला आणि टीम जिंकली. बाळू १९५५ साली वारले.

आम्हीपण खेळताना काही पोरांना नुसतं बॉल आणायला ठेवतो. ते बरं नाही. सगळ्यांना बॅटिंग द्यावी, मुलींनापण द्यावी, आणि एकाच गुंडातलं पाणी प्यावं.

– इयत्ता ४ थी, पवनी