दोन आठवड्यांची उमेदवारी

दुबईची खाडी पूर्वी जिथे संपत असे, त्या रास अल खोरमध्ये एकीकडे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि दुसरीकडे गोदामे व कार्यशाळांची औद्योगिक वसाहत. अशा वसाहतीत काही आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी येणाऱ्या तरुणाला पहिली चिंता असते ती मुदतीची. एवढ्या अवधीत शिकून होणार काय? धुंडिराज गोविंद फाळके यांना लंडनमध्ये जेमतेम दोन आठवडे मिळाले होते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांची उमेदवारी मात्र फार पूर्वीच सुरू झाली होती. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला व छायाचित्रण शिकले. रतलामला जाऊन त्यांनी तिरंगी ठसे बनवण्याची विद्या आत्मसात केली. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालवला आणि १९०९ मध्ये मुद्रणतंत्रासाठी जर्मनी गाठली.

१९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट त्यांनी पाहिला आणि भारतीय कथांचा चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. अहोरात्र चित्रपट पाहण्याच्या अतिश्रमाने काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परतली. अखेर विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून, पत्नी सरस्वतीबाई व मुलांना मागे ठेवून, १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. अपयश आले असते, तर संसार उघड्यावर पडला असता.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. आपण वाचत असलेल्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसताच ते थेट कार्यालयात शिरले. संपादक कॅबोर्न यांनी प्रथम या धंद्यातील धोके सांगून त्यांना परावृत्त केले. मात्र त्यांची निष्ठा पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत फाळके यांनी एकेक विभाग पाहिला, चित्रीकरण प्रत्यक्ष न्याहाळले. भिंग, रसायने, अंधारी खोली यांच्याशी त्यांचा जुना परिचय होता. उरला होता तो फक्त चलच्चित्राचा भाग. म्हणूनच दोन आठवडे पुरले.

विल्यमसन कॅमेरा खरेदी करून १ एप्रिलला ते परतले आणि शिकलेले लगेच पडताळू लागले. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून त्यांनी लघुपट तयार केला. तो पाहूनच भांडवल उभे राहिले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाईही शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

पुढे ‘लंकादहन’ने यश दिले, तर बोलपटांच्या युगाने त्यांना मागे सारले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. मुदत मोजणाऱ्या आजच्या उमेदवाराने त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात: दारात पाऊल टाकण्यापूर्वीची तयारी आणि परतल्यावर लगेच केलेला वाटाण्याचा प्रयोग.