देवळालीचे कापरेकर गुरुजी

आज आम्ही आमच्या वाचकांना एका मराठी शाळामास्तरांचा परिचय करून देत आहोत. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि त्यातील आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे त्यांनी कोणतीही मोठी पदवी घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी केली.

१९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल विद्वानांपुढे मांडले. आपल्या स्वातंत्र्याचे वर्ष १९६८ घ्या. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या ९८६१ आणि लहानात लहान १६८९. वजाबाकी येते ८१७२. पुन्हा तसेच करीत जा: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती येथेच येऊन थांबते.

मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे डोंबिवलीच्या, स्थानकावर त्यांना आणखी काही संख्या सुचल्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. त्यांच्या मुळाशी नुसत्या एकांच्या संख्या आहेत. त्यांतली मूळ संख्या, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कोणी भाग न देणारी, फार विरळा. ११ मूळ आहे, पण १११ ला ३ ने भाग जातो. त्यानंतरची मूळ संख्या सापडते ती एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची आणि त्यापुढे थेट ३१७ एकांची. ही शेवटची मूळ असल्याचे १९७८ साली सिद्ध झाले.

अनेक पंडितांना गुरुजींचे काम पोरखेळ वाटे. ते स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापीत. निवृत्तीनंतर वेतन पुरेना, म्हणून त्यांनी शिकवण्या केल्या. पण संख्या सोडल्या नाहीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा सत्तरीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले.

१९८६ साली ते कालवश झाले. त्याच वर्षी १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता छापून आली. तिच्यासाठी संगणक लागले. गुरुजींना मात्र कागद आणि पेन्सिल पुरत असे.

आमच्या घरांतील मुले आज गणिताच्या नावाने कंटाळतात. पालकांनी आज रात्री जेवणानंतर त्यांना एक चार अंकी संख्या द्यावी आणि ६१७४ पर्यंतची वाट शोधू द्यावी, अशी आमची विनंती आहे.