मंगळवेढ्याचा भोपळा आणि खाँसाहेबांचा कान

मंगळवेढा म्हटले की ज्वारी आठवते. पण या भागात आणखी एक पीक निघते, ज्याची भाजी कोणी करत नाही. जाड सालीचे मोठे भोपळे वेलावर पूर्ण पिकवायचे, वाळवायचे आणि मिरजेला पाठवायचे. तिथे त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले आणि तिथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या हा हुन्नर टिकला.

याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. जन्म १८७२ सालचा, उत्तरेतल्या कैराना गावचा. किराणा घराणे हे नाव त्यावरूनच आले. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथल्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याबरोबर त्यांनी बडोदे सोडले. मिरजेत त्यांना प्लेग झाला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात ते बरे झाले, असे सांगतात. डॉक्टर म्हणून इतकेच म्हणेन की गाठीच्या प्लेगातून औषधे नसतानाही काही जण वाचत. खाँसाहेबांची श्रद्धा मात्र दर्ग्यावर बसली ती कायमची, आणि तिथल्या उरुसात ते गात राहिले.

गाण्याइतकाच त्यांचा लौकिक तंबोरा लावण्याबद्दल होता. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करत, जवारी स्वतः काढत. ही जवारी म्हणजे काय ते समजले की ध्वनीचे निम्मे शास्त्र समजते.

नुसती ताण दिलेली तार छेडली तर आवाज जेमतेम ऐकू येतो. तार इतकी बारीक असते की तिला हवा ढकलता येत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते. तबली रुंद असल्याने तिच्यापुढची हवा आळीपाळीने दाबली जाते आणि सैल होते. भोपळ्याच्या पोकळीतली हवाही सोबत थरथरते. हवेतला हा दाब सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने आपल्या कानापर्यंत येतो. हवा जागची फारशी हलत नाही, पुढे जातो तो धक्का. एस.टी.च्या रांगेत मागच्याने ढकलले की पुढचा कंडक्टरवर आदळतो, तसेच.

तार एकाच वेळी सबंधही हलते आणि अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागातही हलते. सेकंदाला १२० कंपनांच्या तारेत २४०, ३६०, ४८०, ६०० असे बारीक स्वर दडलेले असतात. तंबोऱ्याची घोडी किंचित गोलसर असते आणि तारेखाली धागा सरकवलेला असतो. त्यामुळे तार घोडीला घासत हलते आणि हे दडलेले स्वर खुलतात. पाचवा स्वर म्हणजे गंधार. तो कोणी वाजवत नाही, पण लागलेल्या तंबोऱ्यात ऐकू येतो. घोडीच्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात शोधनिबंध लिहिला. जी गोष्ट ते मोजत होते ती मिरजेत रोज कानाने जुळवली जात होती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती गणिताने ठरवायच्या, हा त्यांचा ध्यास. तारेची लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात आणि दोन तृतीयांश केली की पंचम मिळतो, या नियमावर त्यांनी स्वर मोजले. मोजायला गळा घेतला खाँसाहेबांचा. १९१० साली देवलांचे इंग्रजी पुस्तक पुण्यात निघाले. इ. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांना ते पटले आणि लंडनच्या कारखान्यातून श्रुतींची खास पेटी बनवून आणली गेली.

खास पेटी कशाला? साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्यातला गंधार ३०० येतो, पेटीतला ३०२ च्या थोडा वर. फरक फक्त दोन कंपनांचा. पण षड्जातला पाचवा स्वर १२०० आणि पेटीच्या गंधारातला चौथा साधारण १२१०. हे दोन एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज वर-खाली होतो. तयार कानाला ही थरथर खुपते. तंबोरा जुळवणारा हीच थरथर ऐकत खुंटी पिळतो. ती थांबली की तार लागली.

१९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींचा हा वाद रंगला. पंडित भातखंड्यांना देवलांचे गणित मान्य नव्हते. मला दोघांचेही थोडे पटते. गंधाराबद्दल देवल बरोबर होते. पण पुढे यंत्राने गाणी मोजली तेव्हा दिसले की एकच गायक एकाच रागात तोच स्वर थोडा इकडे-तिकडे लावतो. बावीस ठरलेल्या जागा काही सापडल्या नाहीत. ती पेटीही चालली नाही. साधी पेटी मात्र आजही मैफलीत आहे.

इतका बारीक फरक कळतो कसा? आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. उंच स्वर नळीच्या सुरुवातीच्या पेशी हलवतात, खालचे स्वर टोकाच्या. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर दोन तास नाचलेली पोरे दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते म्हणून येतात, तेव्हा मी हेच सांगतो. रियाजाने पेशी वाढत नाहीत. मेंदू त्यांचा निरोप वाचायला शिकतो. खाँसाहेबांनी ते शिक्षण लहानपणापासून घेतले होते.

घरचे सुख त्यांना टिकले नाही. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ती मुले म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्यामार्फत ते गाणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. शेवटच्या वर्षांत निघालेल्या त्यांच्या तबकड्यांत बारीक, उंच आणि तंबोऱ्यात विरघळणारा आवाज ऐकू येतो. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा, तरी घाई नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची वाटतात. त्या काळी यावर विश्रांती आणि मॉर्फीन यापलीकडे फारसे काही नव्हते, आणि तेही वाटेवरच्या स्टेशनात कुठून मिळणार? सिंगपेरुमाळकोविलला ते उतरले. तंबोरा जुळवून दरबारी रागात प्रार्थना म्हटली, असे सांगतात. तिथेच २७ तारखेला त्यांचे निधन झाले. देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही तिथे गाणे होते.