बीनकार गायक अब्दुल करीमखाँ

सांगलीजवळचे मिरज हे गाव तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारे तेथील शिकलगार, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर सतारी व तंबोरे घडवू लागले. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतील अग्रणी होत. अशा गावी खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनी घर करावे, यात नवल ते कोणते?

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील किराना येथे झाला. घराणे संगीतोपासकांचे. गायनाबरोबरच सारंगी व बीन ही वाद्येही त्यांनी आत्मसात केली. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात काही काळ राहून ते इकडे आले.

बीन हे मोठे कठीण वाद्य आहे. लांब दांडीखाली दोन भोपळे असतात व दांडीवर मेणाने पडदे बसविलेले असतात. एका हाताने तार छेडावयाची आणि दुसऱ्या हाताने ती पडद्यावर दाबून बाजूस ओढावयाची. तार जितकी ओढावी तितका स्वर चढतो. बोटे ताठरली, ओढ केसभर अधिक झाली, की स्वर आपल्या जागेवरून ढळलाच! द्रुत लयीत तर चूक सावरण्यास उसंतच नसते. म्हणून जलद वाजवू इच्छिणाऱ्यास आधी संथ लयीत, हात सैल ठेवून, प्रत्येक स्वराचे ठिकाण पक्के करावे लागते. मग लय थोडी थोडी वाढवावयाची. मनगट किंवा खांदा आवळू लागला, की ती पुन्हा उतरवावयाची. नवशिक्यास हे कंटाळवाणे वाटते आणि तो घाई करतो.

तारेचा हा धर्म खाँसाहेबांच्या गळ्यात उतरला होता. ते आवाजावर जोर देत नसत. विलंबित लयीत एकेक स्वर ते शांतपणे उलगडीत. मागाहून येणारी तान मग सहज वाहू लागे. तंबोरा मनाजोगता जुळल्यावाचून त्यांचे गाणे सुरू होत नसे.

त्यांच्या स्वरांची ही अचूकता एका शोधाच्या कामी आली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. श्रुती म्हणजे स्वरांमधील सूक्ष्म अंतरे. तारेची लांबी मोजून आकडे मिळत. पण ते आकडे गायकाच्या गळ्याशी जुळतात काय, हे कोणी सांगावे? त्या कामी खाँसाहेबांनी साहाय्य केले. देवलांचा ग्रंथ १९१० साली निघाला. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स हेही या अभ्यासात सामील झाले. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवर पुष्कळ वाद झाला. मतैक्य काही झाले नाही.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व हे त्यांचे थोर शिष्य.

१९३७ साली मद्रासकडील दौऱ्यात, पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली. एका लहानशा स्थानकावर ते गाडीतून उतरले. अंत जवळ आल्याचे जाणून त्यांनी तंबोरा जुळवावयास सांगितला व स्वरांतच प्रार्थना करून प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात तेथे आजही गायक-वादक हजेरी लावतात.