ग्रून्या सुखारेवा

ग्रून्या येफिमोव्हना सुखारेवा (११ नोव्हेंबर १८९१ – २६ एप्रिल १९८१) या सोव्हिएत संघातील बालमनोविकारतज्ज्ञ होत्या. लिओ कॅनर (१९४३) व हान्स आस्परगर (१९४४) यांच्या सुमारे दोन दशके आधी त्यांनी स्वमग्न मुलांच्या लक्षणांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. हे वर्णन उपचार आणि शिक्षण एकत्र देणाऱ्या निवासी शाळेतील प्रदीर्घ निरीक्षणावर आधारलेले होते.

जीवन

सुखारेवा यांचा जन्म कीव येथे ज्यू कुटुंबात झाला. १९१५ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाल्यावर १९१७ ते १९२१ या काळात त्यांनी कीवमधील मनोरुग्णालयात काम केले. १९२१ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या. महायुद्ध, क्रांती आणि यादवी युद्ध यांमुळे अनाथ व निराधार झालेल्या मुलांसाठी तेथे आरोग्यधामे उभारली जात होती. १९३५ मध्ये त्यांनी मॉस्कोतील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत बालमनोविकारशास्त्राचा विभाग स्थापन केला.

उपचारशाळेतील कार्य

१९२४ मध्ये १२ वर्षांचा एक मुलगा सुखारेवा यांच्याकडे तपासणीसाठी आला. तो बुद्धिमान होता. मात्र इतर मुलांत मिसळत नसे. अशा सहा मुलांचा अभ्यास त्यांनी १९२५ मध्ये रशियन व १९२६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. समवयस्कांपासून अलिप्तता, चेहऱ्यावरील हावभावांचा अभाव, हालचालींतील अवघडलेपणा, एकाच विषयाचा ध्यास आणि आवाजांविषयी अतिसंवेदनशीलता ही लक्षणे त्यांनी नोंदवली. १९२७ मध्ये त्यांनी मुलींविषयीही लेखन केले.

ही मुले उपचारशाळेत सुमारे दोन वर्षे राहिली. व्यायाम, चित्रकला, सुतारकाम आणि सामूहिक उपक्रम यांतून त्यांना इतरांसोबत वावरण्याचा सराव दिला जाई. लक्षणे बालपणाच्या आरंभापासूनच दिसतात. तरीही अनुकूल वातावरणात मुले प्रगती करतात, असा निष्कर्ष सुखारेवा यांनी काढला. मुलांची अवस्था उत्तरोत्तर ढासळत नसल्यामुळे त्यांनी ती छिन्नमनस्कतेपासून वेगळी मानली. स्वमग्न बालकांसाठी आज चालणाऱ्या विशेष पूर्वप्राथमिक वर्गांतही निरीक्षण आणि शिक्षण यांची अशीच सांगड घातली जाते.

उपेक्षा आणि पुनर्शोध

सुखारेवा यांनी आरंभी या अवस्थेला ‘स्किझॉइड’ असे नाव दिले होते. पुढे ते बदलून त्यांनी ‘स्वमग्न’ हा शब्द वापरला. जर्मन लेखात त्यांचे आडनाव वेगळ्या वर्णलेखनाने छापले गेले होते. त्यांचे बहुतेक लेखन रशियन भाषेतच राहिल्याने पाश्चात्त्य देशांत ते फारसे वाचले गेले नाही. १९९६ मध्ये सुला वुल्फ यांनी १९२६ च्या लेखाचा इंग्रजी अनुवाद केला. २०१५ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्यांच्या नोंदींची अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ मधील निकषांशी तुलना केली, तेव्हा दोहोंत लक्षणीय साम्य आढळले.