ना. वा. टिळक: मोहाशी रोज दोन हात करणारा कवी

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला मोर्चे नवे नाहीत. 1857 च्या उठावाची आठवण सांगणाऱ्या या चौकात आजही लोक जमतात, घोषणा देतात, मागण्या मांडतात. इथून नगर नाक्याच्या दिशेने निघालं, की अडीच-तीन तासांत अहिल्यानगर, म्हणजे जुनं अहमदनगर येतं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या शहरात राहणाऱ्या एका माणसाची लढाई मात्र कुठल्याच चौकात दिसत नव्हती. ती त्याच्या घरात आणि मनात चालू होती.

हा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकातून 'फुलामुलांचे कवी' म्हणून ते आपल्याला भेटतात. ख्रिस्ती मराठी माणूस त्यांना ओळखतो तो चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या त्यांच्या शेकडो गीतांमुळे. पण ख्रिस्ती माणसाने रोजच्या जगण्यात मोहाला कसं तोंड द्यावं, हे समजून घ्यायचं असेल तर टिळकांच्या कवितेइतकंच त्यांचं आयुष्यही वाचायला हवं.

मोह म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती धर्मात मोह म्हणजे फक्त दारू, जुगार किंवा परस्त्री नव्हे. बायबलमध्ये येशू चाळीस दिवस अरण्यात उपास करतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन मोह येतात. भूक लागली आहे तर दगडांच्या भाकरी करण्याचा, चमत्कार दाखवून लोकांना थक्क करण्याचा आणि साऱ्या जगाची सत्ता मिळवण्याचा. थोडक्यात पोट, प्रसिद्धी आणि सत्ता.

दुसरा प्रसंग येशूला अटक झाली त्या रात्रीचा. तो शिष्यांना जागं राहून प्रार्थना करायला सांगतो आणि शिष्य झोपी जातात. पुढे संकट आल्यावर ते पळून जातात, पेत्र तर आपण येशूला ओळखतच नाही असं सांगतो. यातून ख्रिस्ती परंपरेने एक धडा घेतला: मोह येईल तेव्हा बघू असं म्हणून चालत नाही, तयारी आधी असावी लागते. वारकरी संतांनी षड्रिपूंबद्दल जे सांगितलं, त्याच्या हे फार जवळचं आहे. टिळकांना हा धागा दिसला, कारण त्यांना दोन्ही परंपरांची जवळून ओळख होती.

पहिला मोह: मोठेपणाचा

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. वडील कडक, आई कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि नारायण घर सोडून नाशिकला आले. तिथे संस्कृत शिकले. पुढे जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झालं. त्याच लक्ष्मीबाई टिळक.

टिळक विद्वान होते, वक्ते होते, पण एका जागी टिकत नव्हते. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. हिंदुस्थानाला तारील असा नवा धर्म आपणच स्थापन करावा, असंही एके काळी त्यांच्या मनात होतं. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावून गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नव्या धर्माचा गुरू व्हायला निघालेला माणूस दुसऱ्या कुणाचा तरी शिष्य झाला होता.

त्याची किंमत मोठी होती. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. चार-पाच वर्षं संसार मोडल्यासारखाच होता. मग त्या नगरला आल्या. आधी त्यांचं सोवळं-ओवळं सुरूच होतं, मग त्या स्वतः विचार करत बदलल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला, स्वभाव तोच

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त दिसणारे टिळक संत वाटत नाहीत. ते कमालीचे तापट आहेत. रागाच्या भरात वाटेल ते बोलतात, मग तितकेच हळहळतात. हातात पैसा आला की समोर जो गरजू येईल त्याला देऊन टाकतात आणि घरी काय शिजणार याची चिंता बायकोवर सोडतात. परोपकार करतानाही घरच्या माणसावर अन्याय होऊ शकतो, हे त्या पुस्तकात हसत हसत पण स्पष्ट सांगितलेलं आहे.

म्हणूनच टिळकांची साधना समजून घ्यायला हवी. एकदा धर्म स्वीकारला म्हणजे काम झालं, असं त्यांनी मानलं नाही. त्यांची भजनं आणि अभंग पाहिले तर त्यात स्वतःच्या उणिवांची कबुली पुन्हा पुन्हा येते. प्रार्थना ही त्यांच्यासाठी रविवारची गोष्ट नव्हती. ती मराठीत, आपल्या चालीत, टाळ-मृदंगावर, घरात बसून म्हणता यावी म्हणून त्यांनी गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. जे रोज ओठांवर असतं तेच मोहाच्या क्षणी आठवतं, हे त्यामागचं साधं गणित.

शेवटचा मोह: सुरक्षित पगार

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनचं काम करत. 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचं मराठी संपादन त्यांच्याकडे होतं. नाव होतं, घर होतं, पगार होता. पण धर्मांतर केलं ते पोटासाठी, हा आरोप ख्रिस्ती लोकांवर सतत होत असे. आणि मिशनच्या पगारावर राहून देशी माणसाला येशूबद्दल मोकळेपणाने सांगता येतं का, हा प्रश्न टिळकांनाच छळत होता.

1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्हींना त्यात जागा होती. एकट्याने जागं राहणं कठीण असतं, सोबत लागते, हे त्यांना कळलं होतं.

प्रयोगाला वेळ फार मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. येशूचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरंच राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, ज्यांना त्यांच्या रागाचा आणि उधळेपणाचा सगळ्यात जास्त त्रास झाला होता त्यांनी.

आज यातून काय घ्यायचं?

टिळकांचा राग शेवटपर्यंत पूर्ण गेला असं कुणी म्हणत नाही. पण आपली कमजोर जागा कुठे आहे हे त्यांनी ओळखलं होतं आणि ती लपवली नाही. मोह प्रत्येकाचा वेगळा असतो: कुणाचा पैसा, कुणाचा मोबाइल, कुणाचा घरच्यांवर निघणारा संताप. रोजची प्रार्थना, चुकीची कबुली, चांगली सोबत आणि वेळ आल्यावर हातातलं सोडण्याची तयारी, एवढीच त्यांची शस्त्रं होती. ती आजही कुणालाही उचलता येतात, मग तो कुठल्याही धर्माचा असो.