डॉ. शंकर आबाजी भिसे : दोनशे शोधांचा धनी

वाण्याच्या दुकानातून किलोभर साखर किंवा अर्धा किलो रवा आणायचा तर आता तागडीपुढे उभे राहावे लागत नाही. बांधलेली पिशवी उचलायची की झाले. ती पिशवी कोणी हाताने तोललेली नसते. ढिगातून माल घ्यायचा, बरोबर तेवढाच तोलायचा आणि ओतायचा, हे सारे काम यंत्र करते. असे यंत्र कसे करता येईल, याची स्पर्धा सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका मासिकाने लावली होती. ती जिंकणारा गृहस्थ इंग्रज नव्हता. तो मुंबईचा मराठी माणूस होता. त्यांचे नाव डॉ. शंकर आबाजी भिसे. त्यांच्या हयातीत अमेरिकेतील लोक त्यांना हिंदुस्थानचा एडिसन म्हणत. आज मात्र एडिसनचे नाव शाळेतल्या पोराला ठाऊक असते आणि भिशांचे नाव मोठ्यांनाही सांगावे लागते. म्हणून मंडळाच्या या वर्धापनदिनी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे मनात आले.

भिशांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. घरातली वस्तू उघडून आत काय आहे ते पाहायचे, हा नाद त्यांना लहानपणापासूनच होता. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण बनवले. कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. त्या काळी मोठ्या शहरांतून रस्त्यावरचे दिवे अशा गॅसवर जळत. पण पोरसवदा मुलाने तो खटाटोप राहत्या घरात करावा, हे त्या घरातल्या माउलीने कसे सोसले असेल, याची कल्पना आपण बायकाच करू शकतो. यंत्रविद्या शिकवणारा गुरू त्यांना लाभला नाही. अमेरिकेहून येणारी शास्त्रीय मासिके वाचून, त्यातल्या आकृत्या पाहून ते शिकले. आपण विलायतेला किंवा अमेरिकेला जाऊन शोध लावायचे, असे त्यांनी सोळाव्या वर्षीच मनाशी ठरवून टाकले होते.

त्यांचे पहिले नाव झाले ते मात्र करमणुकीच्या खेळांमुळे. आरसे, काचा आणि उजेड यांची अशी काही मांडणी करायची, की पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एक वस्तू जाऊन तिच्या जागी दुसरीच दिसावी. जादूगाराचा मंत्रतंत्र त्यात नव्हता, सारा प्रकाशाचा खेळ होता. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी असे प्रयोग केले. मँचेस्टरच्या प्रसिद्ध फ्री ट्रेड हॉलमध्येही ते झाले आणि युरोपातील जादूगारांपेक्षा सरस ठरले. राष्ट्रीय सभेचे १८९४ चे अध्यक्ष आल्फ्रेड वेब यांच्या हस्ते त्यांना सुवर्णपदक मिळाले. याच सुमारास मुंबईत त्यांनी शास्त्राची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालवले. शास्त्रातल्या गोष्टी साध्या मराठीत सामान्य माणसाला कळाव्यात, हा त्या मासिकामागचा हेतू. इंग्रजी न येणाऱ्यालाही यंत्राची गोडी लागावी ही त्यांची तळमळ. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला तर याचे फारच अप्रूप वाटते.

वर सांगितलेली वजनाच्या यंत्राची स्पर्धा १८९७ सालची. तिच्यात विलायतेतल्या लोकांना मागे टाकून भिशांची योजना पहिली आली, तेव्हा मुंबईतील वजनदार मंडळींचे लक्ष त्यांच्याकडे गेले. राष्ट्रीय सभेतील सर दिनशा वाच्छा यांनी त्यांना मदत केली आणि लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींकडे शिफारस करून पाठवले. दादाभाई म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्या वेळी ते पंचाहत्तरीच्या घरात होते, राजकारणाचा व्याप डोक्यावर होता, तरी त्यांनी या तरुणाला पंखाखाली घेतले.

लंडनमध्ये भिशांच्या डोक्यातून एकामागून एक शोध निघू लागले. दुकानावर लावायच्या, चित्रे आणि अक्षरे आपोआप बदलणाऱ्या विजेच्या जाहिराती त्यांनी केल्या. त्या तिथल्या क्रिस्टल पॅलेस या मोठ्या प्रदर्शनगृहात मांडल्या गेल्या आणि काही दुकानांवरही लागल्या. स्वयंपाकघरात उपयोगी पडणारी साधने, टेलिफोन, डोके दुखायचे थांबावे म्हणून एक उपकरण, संडासात आपोआप पाणी सोडणारी टाकी, अशी त्यांची यादी लांबच लांब आहे. आयुष्यभरात त्यांनी सुमारे २०० शोध लावले आणि त्यांपैकी ४० च्या आसपास पेटंटे घेतली असे सांगतात. मोठ्या शास्त्रज्ञाचे लक्ष वाण्याच्या पुड्याकडे, चुलीकडे, मोरीकडे जावे, हे मला त्यांच्या चरित्रातले विशेष वाटते. रोजच्या कामात कुठे हात अवघडतात हे त्यांना दिसत होते.

पेटंट हा शब्द आपण ऐकतो, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय भिशांच्या आयुष्यातली पुढची ओढाताण कळायची नाही. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती सरकारला सगळी उघड करून सांगायची. त्याच्या बदल्यात काही ठराविक वर्षे ती युक्ती दुसऱ्या कोणी वापरायची नाही, असा हक्क सरकार त्याला देते. विलायतेत तेव्हा ही मुदत १४ वर्षांची होती. आता आपल्या देशात ती २० वर्षांची आहे. पण हा हक्क प्रत्येक देशात वेगळा घ्यावा लागतो, त्याची फी भरावी लागते आणि तो जिवंत ठेवायला पुढेही पैसे भरत राहावे लागतात. मुदत संपली की ती युक्ती सगळ्यांची. म्हणजे पेटंट पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखे नाही. ते भाड्याने घेतलेल्या जागेसारखे आहे. दुकान थाटले नाही तर भाडे तेवढे अंगावर पडते आणि दिवस सरत जातात.

भिशांचा सर्वांत मोठा शोध छपाईतला. आपली ही स्मरणिका आता संगणकावर जुळवून छापली जाते, पण तेव्हा एकेक अक्षराचा शिशाचा खिळा लागे. असे हजारो खिळे हाताने शेजारी शेजारी जुळवले की एक पान तयार होई. शिसे, अँटिमनी आणि कथील वितळवून साच्यात ओतायचे आणि थिजले की खिळा बाहेर काढायचा. कुल्फीच्या साच्याची आठवण करा. कुल्फी नीट थिजायच्या आत ओढून काढली तर ती मोडते किंवा पोकळ निघते. खिळ्याचेही तसेच. म्हणून वेग वाढवणे फार अवघड. लायनोटाइप आणि मोनोटाइप ही परदेशी यंत्रे त्या वेळी बाजारात आलेली होती. भिशांनी ‘भिसोटाइप’ नावाचे यंत्र योजले. इतर यंत्रांतून मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे निघत, तिथे आपल्या यंत्रातून १२०० निघतील असा त्यांचा हिशेब होता. लंडनच्या छपाईतल्या जाणत्या इंजिनियरांचा यावर विश्वास बसेना.

हे यंत्र साधले असते तर आपल्या भाषेलाही त्याचा मोठा उपयोग होता. इंग्रजीची अक्षरे २६. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागत. खिळे स्वस्त आणि भराभर मिळाले असते, तर पुस्तके स्वस्त झाली असती.

पण यंत्र कागदावर काढणे निराळे आणि लोखंडात उभे करणे निराळे. त्याला हजारो पौंड हवेत. दादाभाईंनी स्वतः पैसे घातले आणि ओळखीच्या माणसांकडे शब्द टाकला. हिंडमन नावाचे त्यांचे एक इंग्रज स्नेही होते. ते साम्यवादी विचारांचे पुढारी, भांडवलदारांवर टीका करणारे, आणि तेच भिशांच्या यंत्रासाठी भांडवलदार शोधत हिंडू लागले. बोलणी बरीच झाली, पण १९०७ च्या अखेरीस सारे फिसकटले. तोवर दादाभाईंनीही ८२ व्या वर्षी विलायत सोडून मायदेशाची वाट धरली होती. भिसे रिकाम्या हाताने मुंबईला निघाले.

दैवाची गती पाहा. परतीच्या बोटीवर त्यांची गाठ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी त्यांचे ऐकून घेतले आणि त्यांची शिफारस सर रतन टाटा यांच्याकडे केली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. २०२४ साली निवर्तलेले रतन टाटा ते हे नव्हेत. या सर रतन टाटांच्या मागे त्यांच्या पत्नी नवाजबाई यांनी ज्या नवलना दत्तक घेतले, त्यांचे चिरंजीव ते अलीकडचे रतन टाटा. सर रतन टाटांनी दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याला पैसा दिला होता, तसाच भिशांच्या यंत्रालाही दिला. १९१० साली लंडनमध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ निघाले. भिसे पुन्हा जोमाने कामाला लागले.

तरीही अडचणी सरेनात. यंत्र बाजारात रुळायच्या आतच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. १९१५ साली सिंडिकेट गुंडाळावे लागले. सर रतन टाटा पुढे १९१८ मध्ये वारले. भिशांची पन्नाशी जवळ आली होती. या वयात माणूस आवरते घेतो. त्यांनी १९१६ साली अमेरिकेची वाट धरली आणि न्यूयॉर्कमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटले. तिथे त्यांनी खिळे पाडण्याचे सुधारलेले ‘आयडियल’ यंत्र केले, त्याच्यासाठी कंपनीही काढली. पण तोवर प्रतिस्पर्धी यंत्रे गावोगावच्या छापखान्यांत ठाण मांडून बसली होती. ज्याने एकदा इतका पैसा घालून यंत्र घेतले, तो ते सहसा बदलत नाही.

त्यांना पैसा आणि थोडे स्वास्थ्य मिळाले ते अगदी वेगळ्याच वाटेने. स्वतःच्या आजारपणात आयोडीन असलेल्या एका औषधाने त्यांना गुण आला, म्हणून त्यांनी आयोडीनचा अभ्यास सुरू केला. त्यातून एक औषध तयार झाले. पुढे ते ‘अटॉमिडीन’ या नावाने अमेरिकेत विकले जाऊ लागले. धुण्यासाठीही त्यांनी एक मिश्रण केले होते. उतारवयात त्यांचा ओढा अध्यात्माकडे वळला. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचे एक केंद्र काढले. परलोकीच्या लोकांचे निरोप टाइप करून देणारे एक यंत्रही त्यांनी करून पाहिले. ते कोणाला पटो न पटो, ज्या गोष्टीचे कोडे पडेल तिच्यासाठी यंत्र करायचे ही त्यांची खोड शेवटपर्यंत सुटली नाही. १९३० च्या डिसेंबरात त्यांची आणि खुद्द एडिसनची भेट झाली. पुढच्याच वर्षी एडिसन वारला. डॉ. भिसे ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. त्यांना ६८ वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे राहिले होते.

आपल्या लोकांनी आपल्या माणसाची कदर केली नाही, असे अशा चरित्राच्या शेवटी म्हणण्याची रीत आहे. मला ते इथे खरे वाटत नाही. वाच्छा, दादाभाई, गोखले, टाटा, यांच्याहून मोठी माणसे त्या काळी देशात किती होती? त्या सर्वांनी हात दिला. माया होती आणि पैसाही होता. कमी पडली ती दुसरीच गोष्ट. एडिसनपाशी स्वतःचा कारखाना होता, पगारी कारागीर होते, केलेली वस्तू विकणारी माणसे होती. भिशांच्या वाट्याला यांपैकी काही आले तरी टिकले नाही. दर वेळी पहिल्यापासून दार ठोठवायचे, आणि तिकडे पेटंटाची मुदत चालूच. बाळंतिणीला एक दिवस सारा गाव बारशाला येतो, पण मूल वाढवायला रोजचा हात लागतो. शोधाचेही तसेच असावे.

खिळ्यांची छपाई आता मागे पडली. भिसोटाइप यशस्वी झाले असते तरी आज ते संग्रहालयातच दिसले असते. म्हणून त्यांचे आयुष्य वाया गेले असे मात्र नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, वयाच्या पन्नाशीत तिसऱ्यांदा पाटी कोरी करून बसणे हे धैर्य थोडे नव्हे. आपल्या घरात एखादे मूल घड्याळ नाहीतर मिक्सर उघडून बसले, की आपण आधी त्याच्या हातावर चापटी देतो. वस्तू बिघडते, खर्च होतो, हे खरेच आहे. पण पुढच्या वेळी चापटी द्यायच्या आधी ते काय शोधत होते एवढे विचारावे, आणि जमले तर एखादा जुना पान्हा, पेचकस आणि मोडकी वस्तू त्याला कायमची देऊन टाकावी. आपल्या मंडळाच्या खोलीतही असा एक कोपरा करता येईल का, याचा विचार भगिनींनी जरूर करावा.

डॉ. शंकर आबाजी भिसे यांच्या स्मृतीस मंडळाच्या वतीने नम्र अभिवादन.